आधी आत या, मग बोलू

नोव्हेंबर २०२२ मधली गोष्ट. कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सांगलीच्या जत तालुक्यातल्या चाळीस गावांबद्दल एक विधान केलं. या गावांनी कर्नाटकात यायचा ठराव केला होता, असं ते म्हणाले. दोन तासांत आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर युद्ध पेटलं. कुणी तलवारीचे स्टिकर टाकले, कुणी 'इंच इंच लढवू' लिहिलं. ग्रुपमधली जत पूर्व भागातली एकच मैत्रीण गप्प होती. रात्री तिचा मला वेगळा मेसेज आला : 'तुम्ही सगळे जमिनीबद्दल बोलताय. आम्ही पाण्याबद्दल बोलत होतो.'

ठराव खरंच झाला होता, पण दहाएक वर्षांपूर्वीच्या दुष्काळात. म्हैसाळच्या योजनेचं पाणी पूर्वेकडच्या गावांपर्यंत येत नव्हतं आणि सीमेपलीकडे कर्नाटकातल्या शेतात पाणी दिसत होतं. म्हणून गावांनी सरकारला चिमटा काढला. 'आम्ही इथे आलो ते कुणी विचारून आणलं होतं का?' असंही तिने लिहिलं होतं. मी तेव्हा हसण्याची इमोजी टाकली. मग लक्षात आलं, की याचं उत्तर मला माहीत नाही. जत महाराष्ट्रात आलं कधी? आणि माझं आटपाडी?

मी आजीला विचारलं. आजी आटपाडी भागातलीच, ऐंशी पार केलेली. ती म्हणाली, "आमी औंधकराच्या राज्यातली माणसं. मी धा वर्साची आसंन, तवा राज्य गेलं." राज्य गेलं म्हणजे काय झालं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "काय न्हाई. पाटी बदलली."

ही पाटी कशी बदलली, ते शोधायला मी बसले आणि अडकले. सध्या युरोपीय संघात युक्रेनला कधी घ्यायचं, मोल्दोव्हाला कधी घ्यायचं, उत्तर मॅसिडोनियाला अजून किती वर्षं दाराबाहेर उभं करायचं यावर जो वाद चालतो, तो जवळजवळ याच शब्दांत आपल्याकडे, सातारा-सांगलीच्या मातीत होऊन गेला आहे. त्याचा निकाल जेमतेम तीन आठवड्यांत लागला.

ठिगळांचा नकाशा

आज सातारा आणि सांगली हे दोन सरळ जिल्हे आहेत. १९४७ च्या नकाशात तिथे गोधडी दिसते. सातारा शहर, कराड, तासगाव, वाळवा हा इंग्रजी मुलूख. त्याच्या मध्येमध्ये औंध, फलटण, जत, सांगली, थोरली मिरज, धाकटी मिरज ही संस्थानं. शिवाय यातलं एकेक संस्थानही सलग नव्हतं.

औंधचंच घ्या. राजधानी आजच्या खटाव तालुक्यातलं औंध. दुसरा तुकडा आटपाडी, तिसरा कुंडल, चौथा गुणदाळ, जो आज कर्नाटकात आहे. मधे सगळा परका मुलूख. सांगली संस्थानचे सहा तुकडे होते : मिरज प्रांत, कुची, मंगळवेढा, तेरदाळ, शहापूर आणि शिरहट्टी. मंगळवेढा आज सोलापूर जिल्ह्यात, शहापूर बेळगाव शहरात, शिरहट्टी पार गदगकडे. या सगळ्यावर सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांचं राज्य.

या गोधडीचे फायदेही होते. १९४२ नंतर नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, तेव्हा कुंडल हे त्याचं मोठं केंद्र होतं. कुंडल औंध संस्थानात होतं, आणि तिथे इंग्रजी पोलिसांचा हात ब्रिटिश मुलखासारखा सहज पोचत नसे. पण पोट भरायचं, माल न्यायचा, कोर्टात जायचं, तर प्रत्येक तुकड्याचा कायदा वेगळा, कर वेगळा, मर्जी वेगळी.

तेव्हा प्रश्न उघड होता. हे तुकडे मोठ्या भारतात कधी जोडायचे, आणि कसे?

हळू चालण्याचा फायदा कुणाला?

पहिलं उत्तर इंग्रजांनी दिलं. १९३५ च्या कायद्यात अखिल भारतीय संघराज्याची योजना होती. अट अशी, की संस्थानांच्या एकूण लोकसंख्येपैकी निदान निम्मी लोकसंख्या असलेली आणि वरच्या सभागृहातल्या संस्थानी १०४ जागांपैकी निदान ५२ जागांचे हक्कदार असलेली संस्थानं आत आली, तरच हे संघराज्य सुरू होईल. यायचं की नाही, हे राजे ठरवणार. म्हणजे ग्रुपमधल्या निम्म्या मंडळींनी हो म्हटल्याशिवाय ट्रिप ठरणार नाही, आणि हो म्हणणाऱ्यांनी आपापल्या अटी आधी लिहून द्यायच्या!

राजांनी वकील लावले. कुणाला जकातीचं उत्पन्न सोडायचं नव्हतं, कुणाला तोफांच्या सलामीची काळजी होती. चार वर्षं घासाघीस चालली. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी योजना गुंडाळून ठेवली. ती पुन्हा उघडलीच नाही.

या काळात एकट्याने वेगळं काही केलं ते औंधने. राजा भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रचार करणारा, चित्रं काढणारा, गोळा करणारा माणूस. औंधच्या यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभारलेल्या संग्रहालयात तुम्ही कधी गेला असाल, तर रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत सगळं एका खेड्यात बघून चक्रावला असाल. त्याच माणसाने १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं, की राज्याची सत्ता प्रजेला द्यायची. जानेवारी १९३९ मध्ये घटना लागू झाली. मसुद्यामागे गांधीजी होते, राजाचा मुलगा अप्पासाहेब पंत होता, आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडहून आलेला एक ज्यू इंजिनिअर होता, जो भारतात स्वामी भारतानंद झाला होता.

घटना खालून वर जाणारी होती. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची. पंचायतींमधून तालुक्याची सभा, तालुक्यांमधून राज्याची सभा. गावचा पैसा मोठ्या प्रमाणात गावातच खर्च व्हायचा, गावचे बरेचसे तंटेही तिथेच मिटवायचे. बहात्तर गावं, पाऊण लाखाच्या आसपास लोक. आटपाडीजवळ त्याच सुमाराला स्वतंत्रपूर नावाची वसाहत निघाली. तिथे जन्मठेपेचे कैदी भिंतीशिवाय, बेड्यांशिवाय राहून शेती करत. 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा सिनेमा त्याच प्रयोगावरून सुचलेला आहे. आजीला घटना वगैरे माहीत नाही. तिला आठवतं, ते कैदी बाजाराला यायचे आणि तिचे वडील त्यांना रामराम घालायचे. "चोर न्हवं, शेतकरीच की ते," ती म्हणते.

म्हणजे १९३९ साली परिस्थिती अशी : बहुतेक संस्थानिक म्हणत होते, 'हळू चला.' औंध म्हणत होतं, 'आधी घर नीट करू, मग जोडून घेऊ.' दोघंही थांबायलाच सांगत होते, पण पहिल्यांना सत्ता हातातून जाऊ द्यायची नव्हती, आणि औंधला ती गावाच्या हातात रुजेपर्यंत वेळ हवा होता.

लहान म्हणजे नापास

त्याच वर्षी फेब्रुवारीत अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषदेचं अधिवेशन लुधियान्याला भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथे एक निकष ठरला : साधारण वीस लाख लोकसंख्या किंवा पन्नास लाख रुपये उत्पन्न असेल, तरच संस्थान वेगळं टिकण्याजोगं. बाकीच्यांनी शेजारच्या प्रांतात मिसळावं.

निकष अगदी व्यवहारी होता. चार गावांचं राज्य हायकोर्ट कुठून आणणार, कॉलेज कुठून काढणार? पण त्यात औंधला शून्य मार्क होते. गावात लोकशाही आहे का, हे विचारणारा रकानाच त्यात नव्हता. डोकी मोजा, पैसे मोजा.

युरोपने १९९३ मध्ये कोपेनहेगनला आपले निकष ठरवले, तेव्हा लोकशाही, कायद्याचं राज्य, अल्पसंख्याकांचे हक्क, चालणारी बाजारपेठ असे रकाने केले. कागदावर हे कितीतरी चांगलं. तरी वाद संपला नाही. पोलंड आणि हंगेरीने १९९४ ला अर्ज केले, दहा देश एकदम १ मे २००४ ला आत आले. काहींना ही दहा वर्षं फार वाटली, काहींना फार कमी. २०१८ मध्ये युरोपीय संसदेने हंगेरीविरुद्ध लोकशाही मूल्यांच्या प्रश्नावर कारवाई सुरू करायला मत दिलं, तेव्हा 'घाई झाली' म्हणणारे म्हणाले, बघा! दुसऱ्या टोकाला उत्तर मॅसिडोनिया. २००५ पासून उमेदवार. ग्रीसचा नावाला आक्षेप, म्हणून २०१९ मध्ये देशाने स्वतःचं नाव बदललं. त्याच वर्षी फ्रान्सने अडवलं, पुढच्या वर्षी बल्गेरियाने. नाव बदलूनही दार उघडत नसेल, तर आत जायची इच्छा किती दिवस टिकेल? आणि युक्रेन? फेब्रुवारी २०२२ मध्ये रणगाडे घुसल्यावर चारच दिवसांत अर्ज, जूनमध्ये उमेदवारी. घड्याळ कधी गोगलगाय होतं, कधी रॉकेट.

आमच्याकडचं घड्याळही असंच फिरलं.

आठ जणांचं संघराज्य

१९४६ च्या मे महिन्यात कॅबिनेट मिशनने लहान संस्थानांना सुचवलं, की मोठे गट करा. दख्खनचे राजे कामाला लागले. कल्पना अशी, की आपण सगळे मिळून एकच मोठं संस्थान करू, म्हणजे 'लहान म्हणून नापास' होणार नाही. जुलै १९४६ मध्ये यातले काही राजे पुण्यात गांधीजींना भेटले. गांधीजींनी कल्पनेला विरोध केला नाही, पण घाई करू नका म्हणाले. आधी आपापल्या प्रजेचे सेवक व्हा, आणि प्रजा परिषदेचे अध्यक्ष म्हणून नेहरूंचा सल्ला घ्या, असा त्यांचा रोख होता. राजांनी एकत्र येणं म्हणजे लोकांनी एकत्र येणं नव्हे, हे त्यांना दिसत होतं.

तरी १९४७ च्या शरद ऋतूत संयुक्त दख्खन संस्थान जन्माला आलं. औंध, भोर, फलटण, सांगली, दोन्ही मिरजा अशी आठ संस्थानं त्यात आली. बाकीची बाहेर. जमखंडीच्या राजांनी वेगळाच सूर लावला. लोकांना हवं असेल तर सरळ मुंबई प्रांतात विलीन व्हायला आपली हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कोल्हापूर एवढं मोठं, की त्याला यात यायची गरजच वाटत नव्हती.

आता वाद तीन बाजूंनी पेटला. राजे म्हणत : संघ नुकताच बनतोय, घटना लिहू द्या, वेळ द्या. प्रजा परिषदेतले बरेच कार्यकर्ते म्हणत : आठ राजांची मोट बांधून एक मोठा राजा होतो, लोकशाही होत नाही. सरळ विलीन व्हा. आणि मधे काहीजण म्हणत : संघ राहू द्या, पण लोकांचा. औंधला जे झालं, ते सगळीकडे करू. त्याला पाच-दहा वर्षं लागतील.

मला सगळ्यात जवळची वाटते ती ही तिसरी बाजू. पण प्रामाणिकपणे सांगायचं, तर तिच्यात एक मोठं भोक होतं. औंधला लोकशाही आली, कारण एका भल्या राजाने ती दिली. शेजारच्या राजाने नाही दिली, तर? 'आधी लायक व्हा, मग आत या' या वाक्यात लायक करण्याचं काम ज्याच्या हाती, त्यालाच उशीर करण्यात फायदा असतो. १९३५ च्या कायद्याने हेच दाखवून दिलं होतं.

तीन आठवडे

डिसेंबर १९४७ च्या मध्यावर सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन कटकला आणि नागपूरला गेले आणि ओरिसा-छत्तीसगडच्या संस्थानांचं विलीनीकरण दोन-तीन दिवसांत उरकून आले. नमुना तयार झाला. दख्खनमधला 'संघ की विलीनीकरण' हा वाद त्यानंतर एका बाजूला झुकू लागला होता.

मग ३० जानेवारी १९४८. गांधीजींचा खून झाला. मारेकरी मराठी ब्राह्मण असल्याचं कळल्यावर सातारा, सांगली, मिरज, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरं, वाडे, कारखाने जाळले गेले. ज्यांचा त्या खुनाशी काडीचा संबंध नव्हता, अशी कुटुंबं रातोरात गाव सोडून गेली. दख्खनचे कितीतरी संस्थानिक स्वतः ब्राह्मण. नुकत्याच जन्मलेल्या संघाकडे ना पुरेसे पोलीस, ना वजन. वाद घालायला आता कुणाला उसंत नव्हती.

फेब्रुवारीत विलीनीकरणाच्या करारांवर सह्या झाल्या. ८ मार्च १९४८ ला दख्खनच्या संस्थानांचा कारभार मुंबई सरकारने हातात घेतला. संयुक्त दख्खन संस्थान काही महिन्यांचं होऊन वारलं. कोल्हापूर पुढच्या वर्षी १ मार्चला आलं. १९४९ मध्येच जुन्या साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि संस्थानांचे तुकडे जोडून दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं. जत त्यातच आलं, आटपाडीही. तेरदाळ, शिरहट्टी, जमखंडी १९५६ च्या पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेली. माझ्या मैत्रिणीची चाळीस गावं नेमक्या त्या शिवणीवर आहेत.

करारात काय होतं

मला वाटलं होतं, मी शेवटी एक बाजू घेईन. घाई झाली म्हणेन. पण ते फेब्रुवारी डोळ्यांसमोर आणल्यावर तसं म्हणवत नाही. पेटलेल्या गावात 'अजून पाच वर्षं प्रयोग करू' म्हणणं सोपं नव्हतं. आणि फलटणच्या किंवा जतच्या शेतकऱ्याने राजाचं मन वळेपर्यंत का थांबावं?

मला खटकतं ते दुसरंच. विलीनीकरणाच्या त्या वेळच्या करारांचा साचा बघा. राजाने सगळे अधिकार सोडायचे, हे पहिलं कलम. मग राजाला तनखा किती. राजाची खासगी मालमत्ता कोणती. राजाचे मान आणि हक्क. गादीचा वारसा. संस्थानातल्या नोकरांच्या नोकऱ्या. इतकं नीट लिहिलेलं आहे. गावाचं काय, हे कलम नाही. औंधच्या बहात्तर गावांनी नऊ वर्षं चालवलेली ती खालून वर जाणारी घडी पुढे राहील, बदलेल की मोडेल, याबद्दल करार गप्प. कारण करार राजाशी होता. राजाने सत्ता लोकांना देऊन टाकली होती, पण सही करायला टेबलावर बसवलं ते राजालाच.

भवानराव १९५१ मध्ये गेले. अप्पासाहेब पंत परराष्ट्र सेवेत गेले. १९५५ ते १९६१ ते गंगटोकला भारताचे राजकीय अधिकारी होते. त्याच सिक्कीममध्ये १९७५ साली सामिलीकरणाचा वाद झाला आणि सिक्कीम भारताचं राज्य झालं. औंधमध्ये स्वतः राज्य सोडलेल्या माणसाला तिथल्या राजाशी बोलताना काय वाटत असेल, याचा मी अनेकदा विचार करते. राजांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले. गावांना काय मिळालं? मुंबई प्रांताचा ग्रामपंचायतीचा कायदा होता, पण अधिकार वरून येणारे. महाराष्ट्रात १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. ग्रामपंचायतींना घटनेत जागा मिळाली ती ७३ व्या दुरुस्तीने, १९९३ मध्ये. औंधच्या घटनेनंतर चौपन्न वर्षांनी.

म्हणून आता युरोपच्या बातम्या वाचताना 'कधी घेणार' एवढं माझं वाचून होत नाही. टेबलावर कोण बसलंय, ते मी शोधते. आत येणाऱ्यांकडे आपल्याहून चांगलं काही असेल, तर ते जपायचं कलम कुठे आहे, तेही शोधते. घेणारे नेहमी विचारतात, तुम्ही आमच्यासारखे झालात का? 'तुमच्याकडचं आम्ही काय घ्यावं,' असं विचारताना मला तरी कुणी दिसलं नाही. १९४८ मध्ये मुंबई सरकारने आटपाडीकडून शिकण्यासारखं काही तरी होतं.

हे सगळं मी मैत्रिणीला लांबलचक व्हॉइस नोटमध्ये सांगितलं. तिने ऐकलं आणि लिहिलं, "म्हणजे तुमच्याकडे निदान गमवायला काही होतं. आमच्याकडे राजा होता आणि दुष्काळ होता. राजा गेला." मग थोड्या वेळाने, "तू लिही. पण आम्हाला कर्नाटकात जायचंय असं लिहू नकोस. आम्हाला कुणीतरी विचारायला पाहिजे, एवढंच लिही."

त्या वादानंतर राज्य सरकारने म्हैसाळच्या विस्तारित योजनेला गती देऊ म्हणून जाहीर केलं. चाळीस गावांनी सोडून जायची नुसती भाषा केल्यावर पाण्याच्या फायली हलल्या. बहात्तर गावांना १९४८ मध्ये तेवढंही करायची सवड मिळाली नव्हती.

गेल्या दिवाळीत आजीला पुन्हा विचारलं, की पाटी बदलली तेव्हा गावात कुणी काही बोललं नाही का. ती वाती वळत होती. "बोललं की. माजा बा म्हनला, आता तंटा झाला तर कुटं जायाचं?"

"मग कुठे गेले?"

"इट्याला. कोर्टात." विटा तिथून चांगलं लांब आहे, आणि तेव्हा एसटी नव्हती. "धा वर्सं हेलपाटं घातलं बांधापायी. आदी पाच मानसं पारावर बसून सांजच्याला मिटवायची."